बोटीचा ठिपका वाळवंटात दिसला तर

जून २०२५ चा तिसरा आठवडा. मुलाची शाळा नुकतीच सुरू झाली होती, नेरूळला पाऊस लागला होता, आणि दुपारी तीनच्या सुमारास माझ्या फोनवर नवऱ्याची बोट इराणच्या वाळवंटात उभी दिसत होती. किनाऱ्यापासून बरीच आत. माझा नवरा क्रूड ऑइलच्या टँकरवर सेकंड इंजिनिअर आहे. सौदीतल्या रास तनुराहून तेल भरून ते निघाले होते आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचे होते. १३ तारखेला इस्रायलनं इराणवर हल्ले सुरू केल्यापासून मी तो ठिपका तासाला दहा वेळा बघत होते. तो जमिनीवर चढलेला पाहिला आणि माझे हातपाय गार पडले. गॅसवर आमटी होती. डाळ खाली लागल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

त्या बारा दिवसांत जे शिकले, ते इथे लिहून ठेवते आहे. नेरूळ, सीवूड्स, खारघर, उलवे या भागांत बोटीवर नोकरी करणाऱ्यांची पुष्कळ घरं आहेत, ठाण्यातही आहेत. "आपल्याला काय करायचंय तिकडच्या भांडणाशी" हे वाक्य आमच्या घरांत चालत नाही. पण दिवसभर टीव्हीसमोर बसून राहिलं म्हणजे आपण त्या माणसाची काळजी घेतली, हेही मला आता पटत नाही. काळजी घ्यायची तर आधी बातमी वाचता आली पाहिजे.

ठिपक्यापासूनच सुरुवात करते, कारण रात्रीची झोप तोच खातो.

बोटीवर एआयएस नावाचं यंत्र असतं. ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम. परदेशी फेऱ्या करणाऱ्या, ३०० टन किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक जहाजाला ते सक्तीचं आहे. हे यंत्र काही काही सेकंदांनी रेडिओवरून सांगत राहतं, की मी अमुक बोट, इथे आहे, या वेगानं या दिशेला चालले आहे. अंधारात किंवा धुक्यात बोटींनी एकमेकींना ओळखावं आणि टक्कर टाळावी, एवढ्यासाठी ते बनवलं. घरी बसलेल्या आपल्यासाठी ते बनवलेलंच नाही. किनाऱ्यावरचे अँटेना तो रेडिओ पकडतात आणि ॲपवाले त्याचा नकाशा करून दाखवतात. हा रेडिओ जवळजवळ सरळ रेषेत जातो, पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालत नाही, त्यामुळे किनाऱ्यापासून तीस-चाळीस मैलांच्या पलीकडे तो ऐकू येत नाही. त्यापुढे उपग्रहानं पकडलेली माहिती लागते आणि ती बहुतेक ॲपवर पैसे भरणाऱ्यालाच दिसते. म्हणून बोट भर समुद्रात गेली की फुकटच्या ॲपवर ती चार-चार दिवस गायब असते. त्यात काहीही विपरीत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टला हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरं कारण, कॅप्टन स्वतः यंत्र बंद करतो. एआयएस चालू ठेवल्यानं जहाजाच्या सुरक्षेला धोका आहे असं वाटलं तर ते बंद करायची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतच आहे. तांबड्या समुद्रात कित्येक बोटींनी तेच केलं. म्हणजे ज्या जागी आपल्याला ठिपका सगळ्यात जास्त हवा असतो, नेमकी तिथेच तो नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि तिसरं, माझ्या वाट्याला आलेलं वाळवंट. बोट आपली जागा जीपीएसवरून ठरवते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर वर असतात आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीशेजारी उभं राहून कोणी कानात कुजबुजलं तर काय ऐकू येणार? युद्धात हेच मुद्दाम करतात. क्षेपणास्त्रांना आणि ड्रोनना वाट सापडू नये म्हणून त्याच लहरींवर मोठा गोंगाट सोडतात, किंवा चक्क खोटा संदेश सोडतात. तो आजूबाजूच्या सगळ्या बोटींना लागतो. बोट असते पाण्यातच, पण तिचं यंत्र तिला जमिनीवर असल्याचं सांगतं आणि एआयएस तोच चुकीचा पत्ता जगाला कळवतं. त्या आठवड्यात होर्मुझच्या परिसरात अशा बोटींचे थवेच्या थवे नकाशावर जमिनीत घुसलेले दिसत होते. मी फक्त आमचीच बोट बघत होते, म्हणून घाबरले. नकाशा थोडा लहान करून पाहिला असता तर शेजारी आणखी बोटी वाळवंटात दिसल्या असत्या.

बोटीवरच्यांना आपण कुठे आहोत हे कळत असतं. रडार असतं, किनाऱ्यावरच्या खुणा असतात, ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या वरच्या खोलीत, जागी माणसं असतात. तरी धोका अजिबात नसतो असं म्हणणार नाही. १७ जूनला होर्मुझच्या बाहेर, ओमानच्या आखातात, फ्रंट ईगल आणि अडालिन हे दोन टँकर एकमेकांवर आदळले, आग लागली. माणसं सगळी वाचली.

आता होर्मुझ. २२ जूनला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला, "होर्मुझ बंद, उद्यापासून गॅस मिळणार नाही." झालं होतं एवढंच की इराणच्या संसदेनं सामुद्रधुनी बंद करण्याला पाठिंबा दिला होता. तो निर्णय घ्यायचा अधिकार तिथल्या सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा, आणि तेव्हा ती बंद झाली नाही. पण लोक का घाबरतात हेही समजून घ्यायला हवं. ही सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर आहे, साधारण आपल्या ठाणे-पनवेल लोकलच्या अंतराएवढी. त्यातही मोठ्या जहाजांना जायला एक पट्टा आणि यायला एक पट्टा, प्रत्येकी जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर रुंद. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा इथून जात होता. भारतात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक तेव्हा बाहेरून येत होता आणि त्यातला बहुतेक आखाती देशांतून, याच वाटेनं. तेव्हा सासूबाईंनी सिलिंडरचा नंबर लगेच लावला, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुसरी अरुंद जागा तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाला, बाब-अल-मंदेब. अरबीत त्याचा अर्थ अश्रूंचा दरवाजा. १९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनच्या हुथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर नावाचं जहाज ताब्यात घेतलं, तेव्हापासून ही वाट धोक्याची झाली. बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला, केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त जातात. आमच्या घरात याचा अर्थ असा झाला की रिलीव्हर, म्हणजे नवऱ्याच्या जागी येणारा माणूस, ज्या बंदरात चढायचा तिथे बोट वेळेवर पोचलीच नाही, साइन ऑफ, म्हणजे त्याचं बोटीवरून उतरणं, पुढे गेलं, आणि पुतण्याच्या मुंजीत काकाची जागा रिकामी राहिली.

बातमीत "जहाजावर हल्ला" एवढंच येतं तेव्हा काय करायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. अशा घटनेची पहिली खबर बहुधा यूकेएमटीओ ही ब्रिटिश नौदलाची सागरी माहिती देणारी यंत्रणा देते. त्यात लिहिलेलं असतं की येमेनच्या होदेइदा बंदराच्या नैऋत्येला अमुक सागरी मैलांवर एका जहाजाजवळ अमुक घडलं. जहाजाचं नाव पहिल्या खबरेत सहसा नसतं. नाव कळायला काही तास जातात आणि तेवढ्या वेळात टीव्हीवर कुठल्या तरी जुन्याच जळत्या जहाजाची चित्रफीत फिरत राहते. या मधल्या तासांत घरातला माणूस आतून पोखरला जातो. म्हणून खबर आली की आधी जागा बघायची. आपली बोट आज कुठे असायला हवी ते माहीत असेल, तर दहातल्या नऊ बातम्या पाच मिनिटांत आपल्यापुरत्या निवळतात. होदेइदाची बातमी आहे आणि आपला माणूस दोन दिवसांपूर्वी सिंगापूरहून निघालाय, तर तो तिथे असूच शकत नाही.

यासाठी बोटीची माहिती कागदावर हवी. आमच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं आहे. वर बोटीचा आयएमओ नंबर, सात आकडी. बोट विकली गेली, तिचं नाव बदललं, झेंडा बदलला, तरी हा नंबर बदलत नाही. नुसत्या नावावर विसंबू नका, एकाच नावाच्या अनेक बोटी असतात. त्याखाली बोट चालवणाऱ्या मॅनेजर कंपनीचा चोवीस तासांचा नंबर. मग कंपनीच्या डीपीएचा नंबर. डीपीए म्हणजे डेझिग्नेटेड पर्सन अशोअर, प्रत्येक कंपनीला नेमावाच लागणारा, किनाऱ्यावर बसलेला आणि थेट वरिष्ठांशी बोलू शकणारा माणूस. बोटीवरच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणं आणि किनाऱ्यावरून लागेल ती मदत पोचते ना हे बघणं, हे त्याचं काम. मग मॅनिंग एजंट, आणि शेवटी नौवहन महासंचालनालयाच्या चोवीस तास चालणाऱ्या संपर्क केंद्राचा नंबर. मी त्या शनिवारी फक्त एजंटला फोन लावत बसले होते आणि मला "सोमवारी फोन करा" असं उत्तर मिळालं. एजंटचं काम माणूस बोटीवर पाठवण्याचं. बोट या क्षणी कुठे आहे ते मॅनेजर कंपनीला माहीत असतं, कारण बोटीवरून रोज दुपारी तिची जागा, वेग आणि उरलेलं इंधन कळवणारा नून रिपोर्ट त्यांच्याकडे जातो. हे मला नवऱ्यानं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

एवढे वेगवेगळे नंबर का लागतात? कारण एका बोटीला धनी अनेक. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, मॅनेजर सिंगापूरचा, एजन्सी अंधेरीची किंवा बेलापूरची, आणि माणसं रत्नागिरीची, केरळची, मनिलाची. कायद्यानं बोट त्या देशाची, ज्याचा झेंडा. १३ एप्रिल २०२४ ला इराणनं होर्मुझजवळ एमएससी एरिस हे कंटेनर जहाज ताब्यात घेतलं, ते आपल्या न्हावा-शेव्याकडेच यायचं होतं. झेंडा पोर्तुगालचा, पण बोटीवरच्या २५ जणांपैकी १७ भारतीय. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला त्यांच्यासाठी तेहरानशी बोलावं लागलं. त्यातली केरळची मुलगी पाच दिवसांत घरी पोचली, बाकीच्यांना आणखी थांबावं लागलं.

हक्कांबद्दल थोडक्यात. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी संलग्न करार असलेल्या बोटींवर, एखादा भाग युद्धसदृश म्हणून जाहीर झाला तर खलाशाला तिथे जायला नकार देता येतो आणि कंपनीला त्याला स्वखर्चानं घरी पाठवावं लागतं. जो जातो त्याला त्या दिवसांचा मूळ पगाराएवढा बोनस आणि दुप्पट नुकसानभरपाईची हमी असते. सगळ्याच बोटींवर असा करार नसतो. म्हणून जॉइन होण्याआधी कॉन्ट्रॅक्टचा फोटो काढून घरी ठेवा आणि त्यातलं हे कलम दोघांनी मिळून वाचा. विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत वाचायची ती गोष्ट नाही.

मुलाचं सांगायचं राहिलं. खरं तर तेच आधी सांगायला हवं होतं.

तो नऊ वर्षांचा आहे. शाळेतून आला, दप्तर टाकलं, बूटही काढले नाहीत आणि विचारलं, "आई, बाबांच्या बोटीत तेल आहे ना? मग बॉम्ब पडला तर ती सगळी पेटणार?" वर्गात कोणीतरी तसं म्हणालं होतं. मी "छे रे, काही नाही होत" म्हणणार होते. पण त्याचा चेहरा बघून कळलं की या उत्तरानं तो गप्प होईल आणि रात्री एकटा विचार करत पडेल. म्हटलं, बाबांनाच विचारू. रात्री उशिरा त्याच्या बाबांचा व्हॉइस मेसेज आला आणि सकाळी आम्ही तो दोनदा ऐकला. बाबा म्हणाले, आग लागायला तीन गोष्टी लागतात. जळणारी वस्तू, ठिणगी आणि ऑक्सिजन. आमच्या टाक्यांमध्ये तेलाच्या वर जी मोकळी जागा असते तिथे आम्ही ऑक्सिजन राहूच देत नाही. न जळणारा वायू भरतो. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, टाकीत तो ८ टक्क्यांच्या खाली ठेवायचा, हा नियमच आहे, आणि तो मोजणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून टँकर काडेपेटीसारखा पेटत नाही. पेटू शकतो, पण त्याला अडवायला आम्ही खूप काही करून ठेवलेलं असतं.

"पेटू शकतो" हे त्यांनी त्याच्यापासून लपवलं नाही, याचं मला आधी भय वाटलं आणि मग बरं वाटलं. मुलगा शाळेत जाऊन आठ टक्क्यांचं सांगून आला. मी त्याला मार्लिन लुआंडाचंही सांगितलं. २६ जानेवारी २०२४ ला एडनच्या आखातात या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलं, एक टाकी पेटली. बोटीवर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी होते. ते बोट सोडून गेले नाहीत, आगीशी झुंजत राहिले. मग आपल्या नौदलाच्या आयएनएस विशाखापट्टणमवरून आग विझवणारी तुकडी आली आणि दुसऱ्या दिवशी आग विझली. सगळे जिवंत परतले. कॅप्टन अभिलाष रावत आणि त्यांच्या माणसांना त्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला. मार्च २०२४ मध्ये हल्ला झालेल्या ट्रू कॉन्फिडन्स या जहाजावरचे तीन खलाशी मात्र वाचले नाहीत. ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

टीव्हीबद्दल सासूबाईंशी माझं वाजलं. त्यांचं म्हणणं, "माझा मुलगा तिथे आहे, मी बघायचं नाही तर कोणी बघायचं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर एक अभ्यास वाचनात आला. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी साडेचार हजारांहून जास्त लोकांची विचारपूस केली. पुढच्या आठवड्यात जे रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या बघत-ऐकत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. आधीच घाबरट असलेली माणसं जास्त बघत असतील, असंही म्हणता येईल. पण संशोधकांनी लोकांचा आधीचा मानसिक त्रासही हिशेबात धरला होता. मला यातून एवढं कळलं की जागेवर असलेला माणूस धोका संपला की सुटतो, तर पडद्यावर तोच स्फोट दिवसात शंभर वेळा होतो आणि शरीर दर वेळी पळायची तयारी करतं. छाती धडधडते, पोटात कालवतं, भूक मरते. लहान मुलांचं तर आणखी अवघड. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तेच दृश्य पुन्हा दाखवलं की ते पुन्हा घडलं असंच वाटू शकतं.

सासूबाईंना मी हे आकडे सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, "आई, सकाळचं आणि संध्याकाळी सातचं बातमीपत्र आपण दोघी मिळून बघू. मधे काही झालं तर कंपनीचा फोन येईल, तो नंबर कपाटावर आहे." त्या तीन दिवस ऐकत नव्हत्या. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतः टीव्ही बंद केला आणि कुळीथ निवडायला बसल्या. कधी कधी त्यांनाही रडू यायचं आणि मग आम्ही दोघी रडायचो. ज्यांना असं आठवडेच्या आठवडे होत राहतं, झोप लागत नाही, त्यांनी १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन करावा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी केला होता. समोरच्या बाईंनी मला आधी, आज जेवलात का, असं विचारलं.

एका रात्री मुलानं विचारलं, त्या इराणमध्ये पण मुलं असतील ना? त्यांचे बाबा घरीच असतील, पण घरावरच बॉम्ब पडत असेल तर? मी त्याला सांगितलं, हो, मुलं आहेत, आणि ती आत्ता घाबरलेली आहेत. आमची बोट होर्मुझमधून बाहेर पडली तेव्हा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या मुलांची आठवण झाली. दोन्ही खरं होतं. २४ जूनला शस्त्रसंधी झाली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, जुलैमध्ये, तांबड्या समुद्रात मॅजिक सीज आणि एटर्निटी सी ही दोन जहाजं लागोपाठ बुडवली गेली. पहिल्यावरचे सगळे वाचले, दुसऱ्यावरचे काही गेले. बातमी आली त्या रात्री अकराला आमच्या दाराची बेल वाजली. चौथ्या मजल्यावरची मुलगी, लग्नाला वर्षही झालेलं नाही, नवरा बल्क कॅरियरवर थर्ड ऑफिसर. हातात फोन, फोनवर जळती बोट, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मी तिला आत घेतलं, ओट्याशी बसवलं आणि विचारलं, "आयएमओ नंबर काय आहे?"

तिला माहीत नव्हता. तिनं घरी जाऊन त्याच्या कॉन्ट्रॅक्टची झेरॉक्स आणली. सासूबाईंनी चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी लिहून घेतला. मॅनेजर कंपनीचा नंबर झेरॉक्सच्या दुसऱ्या पानावर होता. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. बोट मोझांबिकच्या किनाऱ्याजवळ होती, केपच्या वाटेवर.